सूत्रामागचा माणूस : पॉल शेरर



फायनल इयरला नॅनोपार्टिकल्सचा प्रोजेक्ट घेतला की एक्सआरडीचा आलेख आणि शेररचं सूत्र यांच्यापासून सुटका नाही. सूत्र सगळ्यांना पाठ. पण हा शेरर कोण, हे व्हायवात कुणी विचारत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच!

पॉल शेरर यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८९० रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. मी धरणगावचा, त्यामुळे १८९० म्हटलं की मला आधी बालकवी आठवतात. आमच्या गावी त्यांचा जन्म त्याच वर्षीचा. शेरर झुरिचला आधी वनस्पतिशास्त्र शिकत होते. ते सोडून गणित-भौतिकशास्त्राकडे वळले आणि पुढे जर्मनीत गटिंगेनला पीटर डिबाय यांच्या हाताखाली पीएचडी केली.

१९१६ साल. पहिलं महायुद्ध चालू. डिबाय हॉलंडचे, शेरर स्विस; दोन्ही देश तटस्थ. त्या काळी क्ष-किरणांनी रचना शोधायची तर चांगला, एकसंध स्फटिक लागायचा. तो नसेल तर? या दोघांनी सरळ भुकटीच घेतली! भुकटीत असंख्य कण कसेही पडलेले असतात, म्हणून काही कण तरी योग्य कोनात सापडतातच. नमुन्याभोवती गोलाकार लावलेल्या फिल्मवर लिथियम फ्लोराइडच्या रेषा उमटल्या.

१९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, वय अवघं २७. त्याच वर्षी तिकडे शेररनी आपलं सूत्र मांडलं : स्फटिक जेवढा लहान, तेवढी रेषा रुंद. कोलॉइडी सोन्याचे कण त्यांनी तपासले. काही नॅनोमीटरच्या त्या कणांतही सोन्याची जाळी शाबूत होती. नॅनो हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता!

आता आपल्या कामाचं. या सूत्रातून मिळतं ते स्फटिकाचं आकारमान, कणाचं नव्हे. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात. यंत्रामुळे आलेली रुंदी आधी काढून टाकावी लागते, जाळीतल्या ताणानेही रेषा रुंदावते आणि रुंदी रेडियनमध्येच घ्यायची असते. एक्सेलमध्ये ०.९ टाकून आलेला आकडा रिपोर्टात छापण्याआधी एवढं बघाच. शेररनी एकेक रेषा फिल्मवर मोजली होती. आपल्याला तर सगळं स्क्रीनवर आयतं मिळतं.

१९२० मध्ये, तिशीतच, शेरर झुरिचच्या ईटीएचमध्ये प्रोफेसर झाले आणि १९६० पर्यंत शिकवत राहिले. वर्गात प्रयोग करून दाखवण्यासाठी त्यांची ख्याती होती. डिबायना १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, शेररना नाही. पुढे ते अणुविज्ञानाकडे वळले, सर्नच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. २५ सप्टेंबर १९६९ रोजी ते गेले. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोठ्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

तेव्हा पुढच्या वेळी आलेखातलं एखादं शिखर रुंद दिसलं, तर नमुना बिघडला म्हणून लगेच फेकू नका. कदाचित तिथेच तुमचे नॅनोकण असतील!