वर्गणी आणि दरवाजा : फिलिप रँडॉल्फ यांनी युनियन का सोडली नाही

28 ऑगस्ट 1963 चा वॉशिंग्टनचा मोर्चा म्हटला की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. तो मोर्चा ज्यांच्या नेतृत्वाखाली निघाला ते एसा फिलिप रँडॉल्फ त्या दिवशी 74 वर्षांचे होते. मोर्चा नोकऱ्या आणि स्वातंत्र्य या दोन्हींसाठी होता, आणि त्यात नोकऱ्यांची मागणी आली त्यामागे रँडॉल्फ यांची आयुष्यभराची कामगार चळवळ होती. आंबेडकरी तरुणांनी हा माणूस समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. युनियनची वर्गणी सक्तीची असावी की नाही, या अमेरिकेत आजही पेटलेल्या वादाकडे त्यांच्या आयुष्यातून पाहिले, तर आपल्यालाही काही हाती लागते.

रँडॉल्फ यांचा जन्म 15 एप्रिल 1889 रोजी फ्लोरिडा राज्यातल्या क्रेसेंट सिटी या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते, शिवणकामही करत. 1911 साली रँडॉल्फ न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. दोनच वर्षांनी बाबासाहेब त्याच शहरात, हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. मिळेल ती नोकरी करत रँडॉल्फ समाजवादाकडे वळले, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून भाषणे करू लागले आणि 1917 मध्ये मित्र चँडलर ओवेन यांच्यासोबत त्यांनी द मेसेंजर हे मासिक काढले.

पुलमन कंपनीच्या रेल्वेतल्या शयन डब्यांत कृष्णवर्णीय पोर्टर काम करत. बिछाने घालणे, सामान उचलणे, प्रवाशांचे बूट पुसणे हे त्यांचे काम. महिन्याला सुमारे 400 तास राबायचे, पगार 67.50 डॉलर, बाकी पोट बक्षिसीवर. प्रवासी प्रत्येकाला जॉर्ज म्हणून हाक मारत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची ही जुनी खोड. 25 ऑगस्ट 1925 रोजी हार्लेममध्ये या पोर्टरांची युनियन उभी राहिली. रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. नेतृत्व त्यांच्याकडे येण्याचे हे एक मोठे कारण होते.

कंपनीने हेर लावले, सभासदांना कामावरून काढले, स्वतःची पाळीव युनियन पुढे केली. 1933 पर्यंत सभासद हजाराच्या खाली आले. वर्गणी थांबली, तशी कार्यालयाची वीज आणि टेलिफोनही थांबला. तरी रँडॉल्फ हटले नाहीत. बरोबर बारा वर्षांनी, 25 ऑगस्ट 1937 रोजी, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे तास 240 वर आले, पगार वाढला. वर्गणी भरणाऱ्या मोजक्या लोकांनी तग धरला म्हणून हे झाले. पण लाभ मात्र वर्गणी न भरलेल्या पोर्टरांनाही मिळाला.

वाद नेमका इथेच आहे. अमेरिकेत बहुमताने निवडून आलेली युनियन त्या कामाच्या जागेवरच्या सगळ्या कामगारांच्या वतीने करार करते. मग खर्च सगळ्यांनी उचलावा, असे युनियनवाले म्हणतात. मला जी संघटना मान्य नाही तिला पैसे देण्याची सक्ती का, असे विरोधक विचारतात. राइट टू वर्क नावाचे कायदे या विरोधातून आले. कामाचा हक्क म्हटले की आपल्याला रोजगार हमी आठवते. तिथे या कायद्याने कुणालाही काम मिळत नाही. नोकरी टिकवण्यासाठी युनियनला पैसे देण्याची अट घालता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. 1944 मध्ये असा कायदा राज्यघटनेत आणणाऱ्या पहिल्या राज्यांत रँडॉल्फ यांचे फ्लोरिडा होते. 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने सर्व राज्यांना ही मुभा दिली.

कृष्णवर्णीयांनी या कायद्यांचे स्वागत करावे, असे वाटायला सबळ कारण होते. अनेक गोऱ्या युनियन त्यांना सभासदच करून घेत नसत. जिथे सभासद असल्याशिवाय नोकरी नाही, तिथे युनियनचा बंद दरवाजा म्हणजे कारखान्याचाही बंद दरवाजा. बिल स्टील या कृष्णवर्णीय रेल्वे फायरमनच्या वतीने करार करणारी युनियन त्यालाच आत घेत नव्हती, आणि त्याच्या जागा गोऱ्यांना देत होती. 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सर्वांच्या नावाने बोलणाऱ्या युनियनने सर्वांना भेदभावाविना न्याय दिला पाहिजे.

तरीही रँडॉल्फ राइट टू वर्कच्या विरोधात राहिले. या कायद्यांमागे कोण उभे आहे हे उघड होते. टेक्सासचा प्रचारक व्हान्स म्यूझ गोऱ्या कामगारांना भीती घालत होता की युनियन वाढल्या तर काळ्यांसोबत बसावे लागेल. युनियनमधल्या भेदभावाशी त्याला काही देणेघेणे नव्हते, त्याला युनियनच नको होती. रँडॉल्फ यांना युनियन हवी होती, पण भेदभाव नको होता. कामगार महासंघाचे उपाध्यक्ष असताना 1959 च्या अधिवेशनात त्यांनी भेदभाव करणाऱ्या युनियनवर कारवाई मागितली, तेव्हा अध्यक्ष जॉर्ज मीनी त्यांच्यावर जाहीरपणे भडकले. 1960 मध्ये रँडॉल्फ यांनी कृष्णवर्णीय कामगारांची वेगळी परिषद उभारली. 1961 मध्ये महासंघाच्या कार्यकारिणीने त्यांच्याच निषेधाचा ठराव केला. 1963 च्या मोर्चालाही तिने पाठिंबा दिला नाही. रँडॉल्फ महासंघातच राहिले, आणि आत राहून भांडत राहिले.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत हाच प्रश्न मांडला होता. अस्पृश्य माणूस गँगमनच राहतो. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, म्हणून त्याला साधा पोर्टरही होऊ देत नाहीत. गिरण्यांत विणाई खाते त्याला बंद. कामगार पुढारी यावर गप्प बसतात, हे त्यांनी सुनावले. पण त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात ते त्याच पुढाऱ्यांसोबत उतरले. जातीवर बोलणे आणि संपात उतरणे, यांत त्यांना विरोध दिसला नाही.

रँडॉल्फ 16 मे 1979 रोजी गेले. वाद संपलेला नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांवरची वर्गणीची सक्ती देशभर रद्द केली. 2023 मध्ये मिशिगनने आपला राइट टू वर्क कायदा मागे घेतला. आज 26 राज्यांत हा कायदा आहे.

आपले कितीतरी तरुण आज सफाई, सुरक्षा, डिलिव्हरी अशा कंत्राटी कामांत आहेत. युनियनमध्ये आपल्याला मान नाही, म्हणून वर्गणी बंद करायची, हा विचार आम्ही अनेकदा ऐकतो. त्यातला राग खरा आहे. पण आपण बाहेर पडलो तर त्या युनियनमधली जात तशीच राहते आणि मालकाचे काम सोपे होते. वर्गणी भरा, पावती घ्या, हिशेब मागा, आणि कार्यकारिणीत आपली माणसे किती आहेत हे पुढच्या सभेत उभे राहून विचारा.