एल निनोची बातमी आली की मंद्रूपच्या शेतकऱ्याला घोर का लागतो? उत्तराचा पहिला धागा शोधला होता शिमल्यात बसलेल्या एका गणितज्ञाने

सोलापूरहून विजयपूरकडे निघालं की वाटेत मंद्रूप लागतं. काळी जमीन, तूर आणि रब्बीची ज्वारी. सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. मृग कोरडा गेला तर निदान उत्तरा-हस्त तरी पडू दे, या आशेवर इथली शेती चालते.

अलीकडे मात्र नक्षत्रांच्या आधीच मोबाईलवर एक शब्द येऊन धडकतो, एल निनो. पॅसिफिक महासागराचं पाणी तापलंय, पाऊस कमी पडू शकतो. पण हजारो किलोमीटर लांबचं पाणी तापल्याचा मंद्रूपच्या ज्वारीशी काय संबंध?

हे कोडं शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी अर्धं सोडवलं, त्यांचं नाव सर गिल्बर्ट वॉकर.

हवामानाचा अनुभव नसलेला हवामानप्रमुख

वॉकर यांचा जन्म 14 जून 1868 चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. केंब्रिजमध्ये 1889 साली ते गणिताच्या परीक्षेत पहिले आले. फिरणाऱ्या वस्तूंचं त्यांना भारी वेड होतं. ते बूमरँग फेकायचे आणि त्याच्या उडण्याचं गणित मांडायचे. मित्रांनी त्यांचं नावच बूमरँग वॉकर ठेवलं होतं.

अशा माणसाला भारतात बोलावण्यामागे दुष्काळ होता. 1876 ते 78 च्या दुष्काळाने सोलापूरसह दख्खन उजाड केलं होतं. त्यानंतर मान्सूनचा अंदाज देण्याची पद्धत सुरू झाली. पण 1899 साली अंदाज सपशेल चुकला आणि पुन्हा भीषण दुष्काळ पडला. तेव्हाचे हवामानप्रमुख जॉन एलियट यांच्या लक्षात आलं की आता निव्वळ अनुभव पुरणार नाही, आकड्यांची भाषा समजणारा माणूस हवा. 1904 च्या सुरुवातीला वॉकर यांनी कारभार हाती घेतला.

तेव्हा हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याला होतं. ते 1928 मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरचा 'शिमला ऑफिस' चौक त्याचीच आठवण सांगतो.

कारकुनांच्या वह्यांतून निघालेला झोपाळा

मान्सूनचं नेमकं कारण सापडत नव्हतं. मग वॉकर यांनी वेगळा मार्ग धरला. जगभरातल्या नोंदी मागवायच्या आणि कुठली नोंद भारतातल्या पावसाशी जुळते ते तपासायचं. संगणक नव्हते. शिमल्यातल्या भारतीय कर्मचाऱ्यांनी हजारो आकडेमोडी हाताने केल्या. त्यातून हिमालयातला बर्फ, मॉरिशस बेटावरचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबार बेटावरचा पाऊस यांच्यावरून मान्सूनचा अंदाज बांधण्याचं सूत्र तयार झालं.

पुढे त्यांना याहून मोठी गोष्ट दिसली. पॅसिफिकच्या बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. लहान मुलांच्या सी-सॉ सारखंच. याला त्यांनी 1924 च्या लेखात सदर्न ऑसिलेशन म्हणजे दक्षिणी दोलन असं नाव दिलं. त्याच वर्षी त्यांना 'सर' किताब मिळाला आणि ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले.

पण जगाच्या एका टोकाची हवा दुसऱ्या टोकाशी बांधलेली आहे, यावर अनेकांचा विश्वास बसेना. हा झोपाळा हलवतं कोण, हे वॉकर यांनाही सांगता येत नव्हतं. बेटांवरचे आकडे त्यांच्याकडे होते. बेटांच्या मधल्या अफाट समुद्राच्या तापमानाच्या पुरेशा नोंदी नव्हत्या.

4 नोव्हेंबर 1958 रोजी, वयाच्या नव्वदीत वॉकर गेले. योगायोग असा की त्या सुमारास पॅसिफिकमध्ये मोठा एल निनो होऊन गेला होता आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षामुळे जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हा जोरात मोजमापं करत होते. त्या नोंदी आणि कँटन या चिमुकल्या बेटाजवळचं समुद्राचं तापमान वापरून याकोब ब्येर्कनेस यांनी 1969 मध्ये दुवा जोडला. समुद्राचं तापमान बदललं की वरचे वारे बदलतात, वारे बदलले की समुद्र आणखी बदलतो. हवेच्या या चक्राला त्यांनी नाव दिलं, वॉकर अभिसरण.

बेटांमधली जागा उपग्रहांनी भरली

1981 पासून समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाची उपग्रहांनी केलेली सलग नोंद उपलब्ध आहे. समुद्रातून बाहेर पडणारी उष्णता म्हणजेच अवरक्त किरणं उपग्रह टिपतो आणि त्यावरून तापमान काढलं जातं. आज भारताचे इन्सॅट-3डी मालिकेतले उपग्रहही हे काम करतात.

बेटाच्या किनाऱ्यावरचा तापमापक फक्त तिथलं पाणी सांगतो. उपग्रह बेटाभोवतीचा सगळा समुद्र दाखवतो. गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं. चित्रात तो थंड पट्टा स्पष्ट दिसतो. मोठा एल निनो आला की तोच पट्टा पुसट होतो.

पण उपग्रहही फसतो. अवरक्त किरणं ढगांतून पार होत नाहीत. 1982 मध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीने आकाशात इतके सूक्ष्म कण उडवले की उपग्रहाला समुद्र प्रत्यक्षापेक्षा थंड वाटला. तेव्हा विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा एल निनो सुरू होता, आणि तो बऱ्याच उशिरा लक्षात आला. ख्रिसमस बेटावरचे समुद्रपक्षी मात्र घरटी सोडून गेले होते. त्यानंतर पॅसिफिकमध्ये नांगरलेल्या तरंगत्या यंत्रांची साखळी उभी राहिली. आता उपग्रहाचे आकडे पाण्यातल्या आकड्यांशी ताडून पाहिले जातात.

मग मंद्रूपने काय समजायचं?

1877 आणि 1899, दोन्ही एल निनोची वर्षं होती हे आज माहीत आहे. महाराष्ट्र न विसरलेलं 1972 सुद्धा. तेव्हा देशात सरासरीपेक्षा सुमारे 24 टक्के कमी पाऊस झाला. पण 1997 मध्ये जबरदस्त एल निनो असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका, 102 टक्के पडला. त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिम भागातलं पाणीही तापलं होतं आणि त्याने मान्सूनला हात दिला, असं मानलं जातं.

म्हणजे एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असं नाही. दुष्काळाची शक्यता वाढते, एवढंच. एप्रिलच्या मध्यावर येणारा हवामान खात्याचा पहिला अंदाज देशाचा असतो, एका गावाचा नसतो. मेअखेरीस तो सुधारून येतो, तेव्हा पॅसिफिकसोबत हिंदी महासागराचं काय म्हणणं आहे तेही बघायला हवं.

समुद्राचा तो नकाशा वॉकर यांना कधी मिळाला नाही. मंद्रूपच्या शेतकऱ्याला आज तो पेरणीआधी मोबाईलवर बघता येतो.