किड्यांच्या कातीचं कोडं सोडवणारे विगल्सवर्थ

सर विन्सेंट विगल्सवर्थ यांचा जन्म १७ एप्रिल १८९९ रोजी इंग्लंडमधील कर्कहॅम येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये तोफखान्यात होते. पुढे ते केंब्रिजला शिकले, डॉक्टर झाले. १९२६ पासून लंडनमध्ये त्यांनी किड्यांचा अभ्यास केला, कारण किडे रोग पसरवतात.

कात टाकलेलं झुरळ पांढरंफेक दिसतं, ते मी आमच्या चुलीमागं बघितलंय. किड्याची कातडी कडक असते, वाढत नाही. म्हणून जुनी टाकावी लागते. पण कधी टाकायची, हे कातडीला कोण सांगतं?

विगल्सवर्थ यांनी दक्षिण अमेरिकेतला रक्त पिणारा एक ढेकूण पाळला. तो पाच वेळा कात टाकून मोठा होतो. रक्त प्याल्यावर लगेच डोकं काढलं तर तो जगायचा, पण कात टाकायचा नाही. काही दिवसांनी काढलं तर टाकायचा. मग त्यांनी असे दोन ढेकूण जोडले. एकाचं रक्त दुसऱ्यात गेलं आणि दोघांनीही कात टाकली! म्हणजे डोक्यातल्या रसामुळं रक्तातून कातडीतल्या पेशींना निरोप जातो. पेशी म्हणजे शरीराच्या बारीक बारीक विटा.

दुसरा एक रस पेशींना लहानच राहा म्हणून सांगतो. तो थांबला की ढेकणाला पंख फुटतात. त्या रसानं त्यांनी ढेकणाच्या पाठीवर आपली आद्याक्षरं काढली. ढेकूण मोठा झाला, पण अक्षरांपुरती कातडी लहानपणचीच राहिली!

१९५९ साली त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. हवा कमी पडली की कातडीतल्या पेशी बारीक धागे लांब करतात आणि हवेच्या नळ्या आपल्याकडं ओढून घेतात. विहिरीतनं दोरानं घागर ओढतात तशा!

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीला डेंग्यू झाला. तिला गडहिंग्लजला दवाखान्यात ठेवलं होतं. आई रात्रभर जागी होती. त्या दुसऱ्या रसासारखं औषध आता तयार करतात. ते पाण्यात टाकलं की अळीचा डास होत नाही. पण आपण आठवड्यातनं एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळला तरी अळी मरते.

१९६४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९९४ साली ते वारले. आपण ढेकूण दिसला की चिरडतो, ते ढेकणाकडनं शिकले. म्हणून मला ते फार आवडतात.