नामदेवरायांचे कच्चेपण

श्रीसंतशिरोमणी नामदेवरायांचे चरित्र आपल्या ज्ञातीत घरोघरी माहीत आहे, आणि स्मरणिकेच्या बहुतेक अंकांत ते कोणी ना कोणी लिहितोच. मग पुन्हा तेच दळण कशासाठी, असा प्रश्न वाचक बंधुभगिनींच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. माझे उत्तर इतकेच की, हे चरित्र आपण नेहमी दोन भागांत सांगतो. बाळपणी देवास दूध पाजले तो एक, आणि पंजाबापर्यंत भागवत धर्माची पताका नेली तो दुसरा. या दोहोंच्या मध्ये जे घडले त्यावरून आपण लगबगीने पुढे जातो. प्रस्तुत लेखात त्या मधल्या भागाजवळच थोडे थांबण्याचा विचार आहे.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधला. वडील दामाशेटी, माता गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. जन्मस्थान हिंगोली जिल्ह्यातील नरसी की पंढरपूर, याविषयी विद्वानांत मतभेद आहे, त्यात मी पडत नाही. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र, आणि त्याच घरात दळणकांडण करीत संतपदास पोचलेल्या जनाबाई, असा तो परिवार होता. बाळ नामदेवाने हट्ट धरला व पांडुरंगाने नैवेद्याचे दूध प्राशन केले, ही कथा आपल्या लेकरांना पाळण्यातच ऐकावयास मिळते. तेव्हापासून नामदेव देवाचे लाडके झाले. लाडक्या लेकरात जो दोष हळूहळू शिरतो तो घरच्यांच्या दृष्टीस पडत नाही आणि त्या लेकराच्या तर मुळीच पडत नाही, हे आम्हा शिक्षकांना अनुभवाने ठाऊक असते.

येथे एका अप्रिय विषयास हात घालणे भाग आहे. गाथेत नामदेवांच्या नावावर असलेल्या काही रचनांवरून अशी कथा सांगतात की, तरुणपणी ते वाटमारी करणाऱ्यांच्या टोळीत होते व त्या टोळीच्या हातून चौऱ्यांशी स्वार मारले गेले. पुढे औंढ्या नागनाथाच्या देवळात एक स्त्री भुकेने रडणाऱ्या आपल्या मुलावर रागावताना त्यांनी पाहिली. विचारपूस करता कळले की, मुलाचा बाप त्याच चौऱ्यांशी स्वारांपैकी एक होता. त्या शब्दांनी नामदेवांचे काळीज फाटले; त्यांनी देवासमोर स्वतःवरच शस्त्र चालविले, आणि त्या पश्चात्तापातून ते पंढरीस आले. माझ्या लहानपणी आमच्या गावी एका कीर्तनकाराने हे आख्यान लावले असता ज्ञातीतील वडीलधारी मंडळी मध्येच उठून बाहेर पडली होती. वडिलांचा हात धरून मीही बाहेर पडलो. त्या स्त्रीचे पुढे काय झाले, एवढे ऐकावयाचे राहिले म्हणून वाटेत मी रडलो, ते मात्र चांगले आठवते.

ही कथा खरी की खोटी? नामा या नावाने लिहिणारे एकाहून अधिक कवी होऊन गेले, त्यांपैकी विष्णुदास नामा तर सोळाव्या शतकातला, आणि त्यांच्या रचना एकमेकांत मिसळल्या, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. जो बाळपणापासून विठ्ठलाचा, तो वाटमाऱ्या केव्हा झाला, हाही प्रश्न उरतोच. माझ्या अल्पमतीस ही कथा आपल्या नामदेवांची वाटत नाही. तथापि तिचा प्रतिवाद करण्यात आपल्या मंडळींनी जेवढी शाई खर्च केली, तिच्या शतांशानेही आपण दुसऱ्या एका दोषाचा विचार केला नाही. तो दोष कोणी शत्रूने चिकटविलेला नाही. वारकरी परंपरेने तो मान्य केला आहे व नामदेवांच्या नावावरील अभंगांतूनच तो सांगितला जातो.

तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई अशी ती सभा. गोरोबा धंद्याने कुंभार. यांतले भाजलेले मडके कोणते व कच्चे कोणते ते पाहावे, असे त्यांना सुचविण्यात आले. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटत निघाले. सारे निमूट बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते चिडले. देव ज्याच्याशी बोलतो त्याच्या डोक्यावर थापटणे! गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे. सभा हसली.

अपमानित होऊन नामदेव पंढरीस धावले व पांडुरंगापुढे गाऱ्हाणे मांडले. देव आपली बाजू घेईल, ही त्यांची खात्री होती. देवाने सांगितले की गोरोबांचे म्हणणे यथार्थ आहे. मला तर वाटते की थापटण्याच्या आघाताहून हा आघात मोठा होता. चोरी, खून ही पापे माणसाला स्वतःला ठाऊक असतात, इतरांपासून मात्र ती लपवावी लागतात. भक्तीचा अभिमान हे पाप उलट जातीचे. ते जगाला दिसते आणि ज्याचे त्याला दिसत नाही.

एक गोष्ट येथे लिहून मोकळा होतो. नोकरीच्या आरंभी, चाळीस वर्षांमागे, माझे फाउंटन पेन हरवले म्हणून मी एका मुलास सर्व वर्गासमक्ष छड्या मारल्या. आठवड्याने ते पेन माझ्याच कोटाच्या उसवलेल्या अस्तरात सापडले. शिंप्याच्या घरात जन्मून अस्तर उसवलेलेच ठेवले, ही लाज वेगळीच! मी ते कोणासही सांगितले नाही. तो मुलगा आज मोठा गृहस्थ आहे व रस्त्यात भेटला की माझ्या पायाला हात लावतो. शाळेत नामदेवांची दुधाची गोष्ट मी प्रतिवर्षी रंगवून सांगितली. मडक्याची कधी सांगितली नाही.

देवाने नामदेवांना विसोबा खेचरांकडे पाठविले, ही निवड विचार करण्यासारखी आहे. विसोबांचा पूर्वेतिहास काय? आळंदीत ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करणाऱ्यांत ते पुढे होते. मुक्ताबाईस मांडे भाजण्यास खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना दटावले, आणि ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजलेले पाहून शरमेने त्याच भावंडांचे उष्टे खाल्ले, अशी परंपरेची कथा आहे. आपल्या कच्चेपणाची ओळख ज्याला पटली आहे, असाच गुरू नामदेवांस लाभला.

औंढ्याच्या देवळात नामदेव पोचले तेव्हा विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांना संताप आला. म्हाताऱ्याने शांतपणे विनविले की, बाबा, मला उठवत नाही, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव ज्या ज्या जागी पाय नेत, त्या त्या जागी पिंड उभी राही. हातातले पाय ठेवण्यास जागा उरली नाही, तेव्हा नामदेवांनी त्याच पायांवर मस्तक ठेवले. गोरोबांच्या अंगणात जे मस्तक आघात सोसण्यास तयार नव्हते, तेच हे.

यापुढील चरित्र सर्वश्रुत आहे. ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा झाली, इ. स. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नंतर नामदेव उत्तरेस गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात जातीवरून देवळातून उठविले गेल्याचा प्रसंग आहे. तेव्हा नामदेव कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले.

चोखोबा इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीखाली सापडून वारले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली. स्वतःसाठी त्यांनी त्याच महाद्वाराची पायरी मागितली. दर्शनास येणाऱ्या संतांचे पाय आपल्या मस्तकास लागावेत, एवढाच त्यामागे हेतू. शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस ते तेथे समाधिस्थ झाले. ती पायरी पुढे पितळेने मढविण्यात आली. भाविक तिच्यावर पाय देत नाहीत. वाकून हात लावतात आणि ती ओलांडून आत जातात.