खुनी कोण, ते सांगायचं राहिलं

कोलकात्याच्या एका नाट्यगृहात कीचकवधाचा प्रयोग चालू आहे. भीम आणि कीचक यांच्या झटापटीचा प्रवेश येतो, रंगमंचावर अंधार होतो, आणि दिवे पुन्हा लागतात तेव्हा कीचकाचे काम करणारा नट आडवा पडलेला असतो. तो मेलेला आहे, आणि ते नाटकातले मरण नाही. हे बिशू पाल, नाटक कंपनीचे मालक. प्रेक्षकांत बसलेल्या ब्योमकेश बक्षीचे कान टवकारतात. चौकशीला सुरुवात होते, एकेक नट, एकेक नटी संशयाच्या उजेडात येऊ लागते, आणि तिथेच गोष्ट थांबते. पुढचे पान लिहिले गेलेच नाही, कारण २२ सप्टेंबर १९७० रोजी लेखकाचे निधन झाले.

'बिशुपाल वध' ही ती गोष्ट, आणि तिचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय. माघाच्या 'शिशुपालवधा'वरची कोटी नावातच दिसते. मराठी वाचकाला तर 'कीचकवध' म्हटले की खाडिलकरांचे १९०७ चे नाटक आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर घातलेली बंदी आठवायची. पण आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. कोलकात्याच्या गल्लीबोळांतल्या गुन्ह्यांचा हा चित्रकार आयुष्याची शेवटची अठरा वर्षे राहिला पुण्यात. ब्योमकेशच्या बहुतेक कथा मुठेच्या काठच्या गावी लिहिल्या गेल्या, हे आपल्याकडच्या किती घरांत ठाऊक असेल?

शरदिंदुबाबूंचा जन्म ३० मार्च १८९९ चा, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. वडील ताराभूषण बिहारमध्ये मुंगेरला वकिली करत. म्हणजे हा बंगाली लेखक वाढला बंगालबाहेर. मुंगेरहून मॅट्रिक झाल्यावर तो कॉलेजसाठी कोलकात्याला आला, तिथल्या खाणावळवजा मेसमध्ये राहिला, आणि वयाच्या विशीत कवितांचा एक संग्रह छापून मोकळा झाला. पुढे पाटण्याहून कायद्याची पदवी घेतली, वडिलांच्या हाताखाली सुमारे तीन वर्षे वकिली केली आणि १९२९ मध्ये ती सोडून दिली. चालू वकिली सोडून लेखणीवर पोट भरायचे, हा निर्णय त्या काळी घरात कसा ऐकून घेतला गेला असेल याची कल्पना करवत नाही. बँकेची खुर्ची सांभाळून रात्री कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तर त्यांच्या धाडसाचा हेवाच वाटतो.

१९३२ मध्ये 'पथेर काँटा' ही कथा आली आणि ब्योमकेश बक्षी जन्माला आला. आणखी एक कथा लिहून झाल्यावर शरदिंदुबाबूंना वाटले की या माणसाची मालिका करावी. म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी 'सत्यान्वेषी' लिहिली आणि नायकाची रीतसर ओळख करून दिली. त्यामुळे पुस्तकात पहिली छापली जाणारी कथा लिहिण्याच्या क्रमात तिसरी आहे. ब्योमकेशला स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणे आवडत नाही. तो सत्याचा शोध घेणारा, म्हणून सत्यान्वेषी. हॅरिसन रोडवर त्याचे बिऱ्हाड, सोबतीला लेखक मित्र अजित आणि चहा-जेवण बघणारा पुंटीराम. शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची छाया इथे आहे, नाही असे नाही. पण हा होम्स धोतर नेसतो, घरी बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती बारकाईने वाचतो, आणि 'अर्थमनर्थम्' या कथेत भावाला सोडवा म्हणून आलेल्या सत्यवती नावाच्या मुलीच्या प्रेमात पडून पुढे चक्क लग्न करतो. होम्सला हे कधी जमले नसते.

आणि मग १९३६ नंतर शरदिंदुबाबूंनी ब्योमकेशला बाजूला ठेवले. नायक मारला नाही, दरीत ढकलला नाही, नुसते लिहिणे थांबवले. वाचकांना आता पुरे झाले असेल, असा त्यांचा समज होता. इथे कॉनन डॉईल आठवल्याशिवाय राहत नाही. डॉईलने १८९३ च्या डिसेंबरात होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलून संपवले, तेव्हा वाचक खवळले होते. त्यांनी पत्रांचा भडिमार केला, मासिकाची वर्गणी बंद केली. शेवटी १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. डॉईलला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या मोठ्या वाटत आणि होम्स त्यांच्या वाटेत आडवा येई. शरदिंदुबाबूंचाही जीव ऐतिहासिक लेखनावर होता. फरक असा की त्यांनी वाचकांशी भांडण काढले नाही आणि वाचकांनीही लगेच आरडाओरडा केला नाही. वाचक नुसते वाट बघत राहिले, आणि लेखकाला त्याचा पत्ताच नव्हता.

मधल्या काळात ते आपल्याकडे आले. १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहिण्यासाठी ते मुंबईला आले. त्यांच्याच कादंबरीवरून 'भाभी' निघाला. अशोककुमार आणि लीला चिटणीस यांच्या 'कंगन'च्या लेखनातही त्यांचा हात होता. १९४० मध्ये राय वारले, कंपनीची घडी विस्कटली, तरी शरदिंदुबाबू आणखी बारा वर्षे सिनेमासाठी लिहीत राहिले. या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सिनेमाने त्यांना पैसे दिले आणि त्यांनी सिनेमाला गोष्टी दिल्या, हिशेब मिटला.

खरी कलाटणी एका कोलकाता भेटीत मिळाली. तिथे लेखक परिमल गोस्वामी यांच्या घरातल्या तरुण मुलामुलींनी त्यांना विचारले की ब्योमकेश का लिहीत नाही? ही मुले त्या पहिल्या कथा आल्या तेव्हा जन्मलीही नसतील किंवा पाळण्यात असतील. आपण ज्याला निवृत्त केले तो माणूस पुढच्या पिढीच्या घरात मजेत नांदतो आहे, हे लेखकाला तिथे कळले. १९५१ मध्ये 'चित्रचोर' आली आणि पंधरा वर्षांचा खंड भरून निघाला. पुढच्याच वर्षी त्यांनी सिनेमाला रामराम ठोकला आणि पुण्याला घर केले.

पुण्यातली ही अठरा वर्षे म्हणजे त्यांच्या लेखनाचा सुगीचा हंगाम. 'चिडियाखाना', दंगलीच्या दिवसांतले कोलकाता दाखवणारी 'आदिम रिपू' आणि ब्योमकेशच्या इतर कथा तर आल्याच. पण त्याबरोबर 'तुमि संध्यार मेघ', आणि विजयनगरच्या वैभवावरची 'तुंगभद्रार तीरे', जिला १९६७ चा रवींद्र पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी उत्तमकुमारला ब्योमकेश करून 'चिडियाखाना' पडद्यावर आणला. महाराष्ट्राची माती त्यांच्या लेखणीला कशी लागली तेही पाहण्यासारखे आहे. बंगाली मुलांसाठी त्यांनी सदाशिव नावाच्या एका गरीब मराठी पोराच्या गोष्टी लिहिल्या. हा सदाशिव शिवाजी महाराजांच्या सैन्यात सामील होतो आणि आपल्या चलाखीने कामगिऱ्या फत्ते करतो. ज्या बंगालात आईच्या अंगाईतही मराठी बारगिरांची भीती घातली जाई, तिथल्या मुलांच्या हाती एक लाडका मावळा देणारा लेखक पुण्यात बसला होता! या गोष्टी मराठी घरांत ब्योमकेशइतक्या पोहोचल्या नाहीत, ही आपलीच उणीव.

ब्योमकेशलाही त्यांनी एकदा इकडे आणले. 'शैलरहस्य' ही कथा महाबळेश्वरला घडते. थंडीत ओस पडलेले हॉटेल, रात्रीची खोली, आणि तर्कावर जगणाऱ्या माणसाला येणारा भुताचा अनुभव. ब्योमकेश हे सगळे अजितला पत्राने कळवतो. रहस्यकथेत भूत आणणे म्हणजे खेळाचे नियम मोडणे, असे काहींना वाटते. मला ती कथा आवडते. सह्याद्रीतल्या हिवाळी रात्री ज्याने काढल्या आहेत तो तक्रार करणार नाही.

आपल्याकडे ब्योमकेश घरोघर पोहोचला तो १९९३ मध्ये, दूरदर्शनमुळे. बासू चॅटर्जींची मालिका, रजित कपूरचा शांत ब्योमकेश, के. के. रैनांचा अजित आणि आपल्या सुकन्या कुलकर्णींची सत्यवती. त्या वेळी हिंगोली हा जिल्हाही झाला नव्हता, परभणीतला तालुका होता, आणि वीज आपल्या मर्जीने येत-जात असे. गोष्ट अगदी रंगात यावी, ब्योमकेशने सगळ्यांना एका खोलीत जमवावे आणि गावातली वीज जावी, हे ठरल्यासारखे होई. मग दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत काउंटरच्या आत निराळाच कारभार चाले. ज्याच्या भागात वीज टिकली होती तो भाव खाई आणि नाव सांगायचे टाळी. बाकीचे आपापला खुनी मांडत. रोखपालांचा संशय नेहमी पुतण्यावर, कारण वारसाहक्क. साहेबांचा डॉक्टरवर. शिपाईमामा फार बोलत नसत, पण त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. ते गुन्ह्याकडे न बघता कोण गरजेपेक्षा जास्त नम्र वागतो तेवढेच बघत. घरी बायकांचे वेगळे तर्क, ते बहुधा आमच्यापेक्षा सरस. आज वेब मालिकेचा शेवटचा भाग पाहून पुढच्या पर्वात काय होणार यावर रात्र-रात्र वाद घालणारी आमची नातवंडे निराळे काही करत नाहीत.

आम्हाला निदान दुसऱ्या दिवशी उत्तर मिळत असे. 'बिशुपाल वधा'च्या वाचकाला ते मिळालेच नाही. शेवटच्या वर्षांत शरदिंदुबाबूंनी ब्योमकेश बराच बदलला होता. अजितला त्यांनी निवेदकाच्या कामातून मोकळे केले होते, हॅरिसन रोड सोडून ब्योमकेश दक्षिण कोलकात्यात केयातल्याला स्वतःच्या घरात राहायला गेला होता, त्याला मुलगा होता. रहस्यकथेतले नायक म्हातारे होत नाहीत. हा मात्र वाचकांबरोबर वयात येत गेला, प्रौढ झाला. ३२ कथा पूर्ण झाल्या होत्या. तेहतिसावी रंगमंचावरच्या अंधारात अडकली.

अशी फसवणूक साहित्यात पूर्वी एकदा बरोबर शंभर वर्षे आधी झाली होती. १८७० च्या जूनमध्ये चार्ल्स डिकन्स गेला तेव्हा 'एडविन ड्रूड'ची रहस्यकथा अर्ध्यावर होती. ठरलेल्या बारा भागांपैकी सहाच त्याच्या हातून उतरले. त्यावर इंग्रज वाचकांनी इतके डोके खाजवले की १९१४ मध्ये लंडनला संशयित जॉन जॅस्परवर लुटुपुटूचा खटलाच भरला. न्यायाधीश चेस्टरटन, ज्युरींचे प्रमुख बर्नार्ड शॉ. शेवटी चेस्टरटनने कोर्टाचा अवमान केल्याबद्दल सर्वांनाच दंड ठोठावला म्हणतात. खुनी सापडला नाही तो नाहीच.

बंगाली वाचकांनी खटला भरला नाही, लेखणी उचलली. आपल्या 'काँटा' मालिकेतून रहस्यकथा लिहिणाऱ्या नारायण सान्याल यांनी 'बिशुपाल वधा'चा उपसंहार लिहून कथा पुरी केली. सान्याल पेशाने अभियंते. अर्धवट सोडलेले बांधकाम बघवत नसावे! पुढे २०२२ मध्ये अरिंदम शील यांनी 'ब्योमकेश हत्यामंच' हा चित्रपट काढला. अबीर चॅटर्जी त्यात ब्योमकेश होते. त्यांनीही आपल्या पद्धतीने शेवट केला. म्हणजे एका मृतदेहामागे आता एकाहून अधिक उत्तरे आहेत. मूळ अपुरी कथा मात्र समग्र ब्योमकेशमध्ये जिथे तुटली तिथेच तुटलेली छापतात, आणि मला तेच योग्य वाटते. दिवसाअखेर खतावणी जुळली नाही तर फरक कुठल्या तरी खात्यात ढकलून घरी जाता येते. पण चांगला कारकून तो फरक तसाच पेन्सिलीने लिहून ठेवतो.

तरीही माणसाचे डोके स्वस्थ बसत नाही, हेही खरे. पुन्हा पुन्हा ती पाने चाळली जातात: अंधार किती वेळ होता, कोण कुठे उभे होते, दिवे लागल्यावर सर्वांत आधी कोण ओरडले. शरदिंदुबाबू उगीच एक शब्द टाकणारे नव्हते. त्यांनी सहज म्हणून लिहिलेल्या एखाद्या ओळीतच खुनी उभा असणार. माझाही एकावर पक्का संशय आहे. तो मी सान्यालांचा उपसंहार उघडण्यापूर्वी एका चिठ्ठीवर लिहून, घडी करून पुस्तकातच ठेवला होता. नाव इथे छापत नाही, कारण आमच्या घरातल्या दोघांनी अजून ती कथा वाचायची आहे.