सिडनी रे : प्राथमिक शाळेतला भाषासंशोधक

पापुआच्या भाषांचा अभ्यास करणारे आजही ज्यांचं नाव आदराने घेतात, ते सिडनी हर्बर्ट रे विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. ते लंडनमधल्या प्राथमिक शाळेत मुलांना शिकवायचे.

रे यांचा जन्म १८५८ चा. दिवसभर वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या वेळात न्यू गिनी व आसपासच्या बेटांवरच्या भाषा अभ्यासायच्या, असा त्यांचा क्रम. साधनं कोणती? मिशनऱ्यांनी केलेली बायबलची भाषांतरं आणि प्रवाशांनी जमवलेल्या शब्दयाद्या. एवढ्याच सामग्रीवर १८९२ साली त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. न्यू गिनीच्या किनाऱ्यावरच्या काही भाषा पॅसिफिक बेटांवरच्या भाषांच्या नात्यातल्या आहेत, पण बाकीच्या अगदी वेगळ्या आहेत. या वेगळ्या भाषांना त्यांनी पापुअन म्हटलं.

१८९८ साली प्रा. हॅडन यांनी केंब्रिजहून टोरेस सामुद्रधुनीत मोहीम नेली. तिच्यात डॉक्टर होते, मानसशास्त्रज्ञ होते आणि भाषेसाठी हे मास्तर होते. मेर नावाच्या छोट्या बेटावर मेरियम ही पापुअन भाषा बोलली जाते. इतकी वर्षं कागदावर अभ्यासलेली भाषा रे यांनी तिथे माणसांच्या तोंडून ऐकली. पासी नावाच्या स्थानिक प्रमुखाजवळ बसून ते शिकले. म्हणजे इथे मास्तरच विद्यार्थी झाले!

या भाषेत अंक दोनच. नेतात म्हणजे एक, नेइस म्हणजे दोन. तीनला नेइस-नेतात, चारला नेइस-नेइस. त्यापुढे डाव्या हाताच्या करंगळीपासून शरीराचे अवयव दाखवत मोजायचं. एवढ्यावरून कुणी भाषेला मागासलेली म्हणेल. पण तिचं व्याकरण बघा. आपल्याकडे 'आपण सहलीला जाऊ' आणि 'आम्ही सहलीला जाऊ' यांत मोठा फरक आहे. दुसरं वाक्य ऐकलं की मूल लगेच विचारतं, मग मी नाही का? इंग्रजी सर्वनामात हा फरक दिसत नाही. मेरियममध्ये तो आहे. मेरिबा म्हणजे आपलं, केरिबा म्हणजे आमचं. 'मुलाने आंबा खाल्ला' यात आपण कर्त्याला 'ने' लावतो, तसा कर्त्याचा प्रत्ययही तिथे आहे. क्रियापदाच्या रूपातून तर माणसं किती हेही कळतं.

मोहीम संपली आणि रे पुन्हा शाळेत रुजू झाले. १९०७ साली त्यांचा पाचशेहून अधिक पानांचा भाषाविषयक खंड प्रसिद्ध झाला. त्यात जवळच्या पश्चिमेकडील बेटांची भाषा ऑस्ट्रेलियाच्या भाषांच्या नात्यातली आणि मेरियम पापुआकडची, हेही त्यांनी मांडलं. १९३९ साली ते वारले.

आज मेरच्या मुलांच्या तोंडी बहुतेक क्रिओल आणि इंग्रजी असते. मेरियम नीट बोलणारे थोडेच उरलेत. म्हणून हे काम मोलाचं आहे.

आपल्या वर्गातही कुणी गोंडी, कोरकू, भिली बोलणारं मूल असतं. त्याच्या बोलीला अशुद्ध म्हणून गप्प करण्याआधी, तुमच्याकडे 'आपलं' आणि 'आमचं' कसं म्हणतात रे, एवढं तरी विचारूया. ते मूल त्या दिवशी आपलं शिक्षक होईल, आणि उद्या शाळेत आनंदाने येईल.