वेदनेची गोळी, पोटाचे दुखणे आणि फेलिक्स हॉफमन

गुडघे धरलेल्या, कंबर आखडलेल्या रुग्णाला सूज आणि वेदना कमी करणारी गोळी दिली जाते आणि तिच्या जोडीला पित्ताची गोळीही लिहिली जाते. हल्ली ही दोन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात. दुखणे थांबावे, पण पोट बिघडू नये, ही अडचण मात्र आजची नाही. ॲस्पिरिनचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या फेलिक्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत सव्वाशे वर्षांपूर्वी याच अडचणीवर काम चालू होते.

हॉफमन यांचा जन्म 21 जानेवारी 1868 रोजी जर्मनीतील लुडविग्सबर्ग येथे झाला. वडील कारखानदार होते. फेलिक्स यांनी आधी औषधांच्या दुकानांत काम केले, मग म्युनिकला औषधनिर्माण आणि रसायनशास्त्र शिकून 1893 मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी ते एल्बरफेल्ड येथील बायर कंपनीत रुजू झाले. त्यांची शिफारस करणारे प्राध्यापक आडोल्फ फॉन बायर यांचा त्या कंपनीशी नावापुरताच सारखेपणा. नाते काही नाही. कंपनी मूळची रंग बनवणारी. औषधांच्या धंद्यात ती नवखी होती.

त्या काळी संधिवातावर सोडियम सॅलिसिलेट हे औषध चालत असे. गुण यायचा, पण रोज काही ग्रॅम औषध पोटात घ्यावे लागे. चव किळसवाणी. पोटात आग, मळमळ, उलट्या, कानात घंटानाद. हॉफमन यांच्या वडिलांनाही संधिवात होता, त्यांना हे औषध सोसवेना, म्हणून मुलाने सौम्य औषध शोधायचे मनावर घेतले, अशी कथा सांगितली जाते. ती छापून आली 1934 साली, म्हणजे शोधानंतर तब्बल 37 वर्षांनी. त्यामुळे ती किती खरी मानायची याविषयी मतभेद आहेत. वडिलांचे सोडा, असे हजारो रुग्ण तेव्हा होते, एवढे निश्चित.

10 ऑगस्ट 1897 रोजी हॉफमन यांनी सॅलिसिलिक आम्लाला ॲसेटिल गट जोडून शुद्ध आणि टिकाऊ ॲसेटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केल्याची नोंद आपल्या वहीत केली. हे रसायन अगदीच नवे नव्हते. शार्ल गेरहार्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1853 मध्ये ते अशुद्ध रूपात बनवले होते. विशेष म्हणजे, अवघ्या अकरा दिवसांनी हॉफमन यांनी हीच युक्ती मॉर्फिनवर वापरली आणि त्यातून जे निघाले ते कंपनीने खोकल्याचे औषध म्हणून विकले. त्याचे नाव हेरॉइन. एकाच माणसाच्या हातून, एकाच महिन्यात, ही दोन औषधे तयार झाली.

कंपनीत औषधांची तपासणी करणारे हाइनरिश ड्रेसर यांनी सुरुवातीला ॲस्पिरिन बाजूला ठेवले. त्याने हृदय दुर्बल होईल, अशी त्यांची समजूत होती. ते पुढे रेटले हॉफमन यांचे सहकारी आर्थर आयशेनग्र्युन यांनी. 1899 मध्ये ॲस्पिरिन हे नाव नोंदवले गेले. मूळ कल्पना आपलीच होती आणि हॉफमन यांनी आपल्या सांगण्यावरून प्रयोग केला, असा दावा आयशेनग्र्युन यांनी 1949 मध्ये केला. ते ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांचे नाव या इतिहासातून पुसले गेले, 1944 मध्ये त्यांना टेरेझिनच्या छळछावणीत डांबण्यात आले. कंपनीने त्यांचा दावा मान्य केलेला नाही. पण वडिलांची हृद्य कथा नेमकी 1934 मध्ये, नाझींच्या सत्तेच्या दुसऱ्या वर्षी पुढे आली, हे नजरेआड करता येत नाही.

हॉफमन यांनी स्वतः या वादात काही भाग घेतल्याचे दिसत नाही. पुढे ते प्रयोगशाळेतून औषधविक्री विभागाच्या प्रमुखपदी गेले, 1928 मध्ये निवृत्त झाले आणि स्वित्झर्लंडमध्ये राहू लागले. त्यांनी लग्न केले नाही. 8 फेब्रुवारी 1946 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या औषधामागचा तर्क साधा होता. सॅलिसिलिक आम्ल जठराच्या अस्तराला झोंबते. ते झाकलेल्या रूपात दिले, तर जठरातून निमूट पुढे सरकेल आणि पुढे शरीरात सुटे होईल. रुग्णांना पोटाचा त्रास खरोखर कमी जाणवला. मात्र त्रास न जाणवणे म्हणजे इजा न होणे नव्हे. हॉफमन हयात असतानाच, 1938 मध्ये, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डूथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी दुर्बीण घालून ॲस्पिरिन घेतलेल्यांचे जठर पाहिले. अस्तर लाल झालेले, काही ठिकाणी रक्त आलेले होते.

असे का होते, याचा उलगडा 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी केला. त्याबद्दल त्यांना 1982 मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. सांध्यात सूज आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ॲस्पिरिन बनू देत नाही. पण याच जातीची द्रव्ये जठराच्या अस्तरावर चिकट संरक्षक थर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणजे इजा केवळ गोळी जठराला टेकल्यामुळे होत नाही, ती रक्तामार्फतही होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या पुढच्या पिढीतल्या औषधांनाही हेच लागू आहे. इंजेक्शन घेतले म्हणून पोट सुरक्षित, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

हॉफमन यांना जे एका रेणूत साधले नाही, ते आज दोन औषधे जोडून साधले जाते. नॅप्रोक्सेनसोबत इसोमेप्रॅझोल, ॲसेक्लोफिनॅकसोबत रॅबेप्रॅझोल, अशा जोड्या आहेत. यातला दुसरा घटक आम्ल कमी करतो आणि जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रणाचा धोका बराच घटवतो. साठी-पासष्टी उलटलेले, पूर्वी अल्सर झालेले, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, यांना अशा संरक्षणाची खरी गरज असते.

पण संरक्षण तेवढ्यापुरतेच आहे. आतड्याच्या पुढच्या भागाला ते मिळत नाही. मूत्रपिंडाला नाही. हृदयालाही नाही; ॲस्पिरिन सोडून या गटातली बहुतेक औषधे हृदयविकाराचा धोका वाढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यात वेदनाशामकाची भर पडली, की मूत्रपिंड अचानक थकू शकते. उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले असेल तर अधिकच. आग होत नाही म्हणून गोळी मानवली असे समजून तीच चिठ्ठी महिनोन्‌महिने मेडिकलमध्ये दाखवत राहणे, ही सर्वांत नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे गुडघ्यासाठी ही जोडगोळी आणि दातासाठी दुसऱ्या डॉक्टरांची दुसरी गोळी. नावे वेगळी, जात एकच. दोन एकत्र घेतल्या तर वेदना दुपटीने कमी होत नाहीत, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो.

ही गोळी सहसा चावू, फोडू वा कुटू नये, कारण तिचे थर ठरावीक जागी विरघळण्यासाठी असतात. नॅप्रोक्सेन-इसोमेप्रॅझोल जेवणाआधी किमान अर्धा तास घ्यायची असते. प्रत्येक जोडीचा नियम सारखा नाही, तो विचारून घ्यावा. मिसोप्रोस्टॉल असलेली जोडी गर्भवतीने घेऊच नये, तिच्याने गर्भपात होऊ शकतो. बाकीची वेदनाशामकेही गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, मनाने घेऊ नयेत. डेंग्यूची शंका असलेल्या तापातही ती टाळावीत. हृदयासाठी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू असेल, तर ती पोटाच्या भीतीने परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगून पोटाचे संरक्षण जोडता येते.

शौचाला काळे, डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे, उभे राहताच घेरी येणे, ही आत रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण एरवी ते असे चिकट नसते. वयस्कांमध्ये आधी पोटात काहीही न दुखता ही पहिलीच खूण दिसू शकते. अशा वेळी गोळी थांबवून, घरातली सगळी पाकिटे बरोबर घेऊन, रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठावे.